बाक

सहा कामट्या एकमेकींना चिकटवून
पेन्सिलीसारखी सहा कडांची केलेली काठी
मी आजवर पाहिली नव्हती.
बुरूड आळीत आमची चौथी पिढी;
बांबू फोडायचा, हे आम्हाला येतं.
फोडलेला जोडून पुन्हा बांबूच करायचा
हा उद्योग कुणा रिकामटेकड्या साहेबाचा.

मुरुगेशन अण्णांनी ती आणली
जुन्या लुंगीत गुंडाळून, खडकीहून, दोन बस बदलून.
गळाची काठी. तीन तुकडे. शेंडा तडकलेला.
"टर्नर होतो मी कारखान्यात," म्हणाले,
"लोखंड असतं तर तुमच्याकडे आलोच नसतो."
"लोखंड असतं तर मी बघितलंही नसतं."
असं आमचं जमलं.

काचेच्या तुकड्यानं जुना चपडा खरवडला.
खालून अंग निघालं, शिळ्या चहाच्या रंगाचं.
हा इथला नव्हे. मेस नाही, माणगा नाही.
पेरं लांब, धागा दाट,
नख मारलं तर नखच मागं सरतं.
शेंड्यात सरस भरला, आवळून रात्रभर ठेवला.
त्या आठवड्यात सुपं विणायची राहिली.
सुनेनं विचारलं, "याचे किती मिळणार?"
म्हटलं, "बोललो नाही अजून."
तिनं कढई जरा जोरात ठेवली.

पितळी टोपण तांबट आळीत गोल करून घेतलं,
वडक्यांच्या मुलानं, एका चहावर.
रेशीम पटवेकऱ्याकडचं, मंगळसूत्र ओवतात तेच, तांबडं.
एकेका कडीला चाळीस वेढे, वेढ्याला वेढा लागून,
आणि टोक आतून ओढून घ्यायचं, गाठ न मारता.

राहता राहिला मधला तुकडा. डावीकडे झुकलेला.
बाक दिसला की आमचे हात थांबत नाहीत.
शेगडीवर धरला, फिरवत, ओलं फडकं हाताशी;
बांबू मऊ होतो तो क्षण डोळ्यांना कळत नाही,
अंगठ्यांना कळतो.
गुडघ्यावर दाबला. एक डोळा मिटून पाहिलं.
सुतात.

रविवारी अण्णा आले.
तिन्ही तुकडे जोडले, काठी उभी धरली,
शेंड्याकडे बघत राहिले.
मी कौतुकाची वाट बघत होतो, लपवत नाही.
"इथे वाकली होती," ते म्हणाले.
"होती. काढला बाक."
मग बराच वेळ बाहेर कुणीतरी
शिडीचा भाव करत होतं.

पानशेत फुटायच्या आदल्या वर्षी, बंडाच्या खाली,
त्यांच्या वडिलांच्या गळाला खडस लागला होता.
पाऊण तास. मासा गेला, दोरा गेला,
काठीत बाक राहिला.
"मी सात वर्षांचा. कमरेला धरून होतो त्यांना.
फोटो काढणारं कुणी नव्हतं."
एवढंच. आवाजही चढवला नाही.
पैसे दिले, ठरल्यापेक्षा पन्नास जास्त;
ते पन्नास मी गल्ल्यात टाकले नाहीत,
कुठे ठेवले तेही आठवत नाही.

पायरी उतरताना मी म्हटलं,
"अण्णा, बांबू आहे तो,
लोखंडासारखा ऐकून घेत नाही.
भिंतीला टांगू नका, नदीवर नेत जा.
ओढ लागली की येईल बाक परत, जुन्या वाटेनं."
"नदीत आता चिलापीशिवाय आहे काय?"
"चिलापी तर चिलापी."

खरं सांगू? मला माहीत नाही.
आम्ही सरळ केलेलं शिडीत जातं,
मांडवात जातं, तिरडीत जातं,
परत येऊन काही सांगत नाही.

पण हल्ली संगम पुलावरून जाताना
मागचे हॉर्न मारतात तरी थांबतो.
खाली काठावर कुणी बसलं असेल
तर आधी माणूस बघत नाही,
काठी बघतो:
झुकली आहे का जराशी,
डावीकडे.